पट्टकृमी, वराह आणि अपस्मार : कृमिचिकित्सेतील एक सावधानता

कृमिरोग हा आपल्या नित्य व्यवहारातील रोग होय. ‘जंताचे औषध द्या’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णास आपण विडंगचूर्ण किंवा कृमिकुठार रस देतो आणि औषधालयातूनही अशी औषधे फारशी विचारपूस न होता नेली जातात. बहुतेक कृमींच्या बाबतीत यात मोठी हानी होत नाही. तथापि, डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी (टीनिया सोलियम) या सवयीस अपवाद आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत उकिरड्यावर मोकाट चरणारी डुकरे दिसतात, म्हणून या विषयाचा विचार येथे केला आहे.

संहितोक्त विचार

चरकाचार्यांनी वीस कृमिजाती सांगितल्या असून त्यांपैकी सात कफज आहेत. कफज कृमींपैकी काही श्वेत, रुंद व चामड्याच्या वादीसारखे असतात असे वर्णन आहे. त्यांच्या निदानांत आनूप मांसाचा उल्लेख असून वराहाची गणना आनूप वर्गातच केली आहे. अमुक नावाचा कृमी म्हणजेच टीनिया, असा आग्रह आम्ही धरत नाही. परंतु हेतू व आकृती यांचे साम्य लक्षणीय आहे.

कृमीचे जीवनचक्र

प्रौढ पट्टकृमी केवळ मनुष्याच्या आतड्यात राहतो व त्याची लांबी काही मीटर असते. त्याचे अंडीयुक्त खंड मलावाटे बाहेर पडतात. उघड्यावरील मल डुकराने खाल्ला की अंड्यांतून निघालेले गर्भ रक्तावाटे मांसात जातात व तेथे भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या पुटी तयार होतात. असे मांस अर्धकच्चे खाल्ल्यास मनुष्याच्या आतड्यात पुन्हा पट्टकृमी वाढतो. म्हणजेच डुकरास हा रोग मनुष्याकडूनच मिळतो.

खरा धोका याहून निराळा आहे. मनुष्याच्या पोटात पुटींऐवजी अंडी गेली, तर डुकराप्रमाणेच मनुष्याच्या मांसात, नेत्रात व मेंदूत पुटी होतात. मेंदूतील पुटींमुळे अपस्मारसदृश झटके येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रोगग्रस्त प्रदेशांतील अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत हे कारण असते. १९३० च्या दशकात हिंदुस्थानातून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या झटक्यांचे कारण मॅकआर्थर यांनी हेच दाखविले.

‘आम्ही शाकाहारी आहोत’ या उत्तराने वैद्याने निश्चिंत होऊ नये. डुकराचे मांस वर्ज्य असलेल्या न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू कुटुंबांत आढळलेल्या अशा रुग्णांची माहिती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तींकडून अंडी आली असावीत, असे तपासात दिसून आले. मांस खाल्ल्याने पट्टकृमी होतो. पुटी मात्र हात, पाणी व कच्च्या भाज्यांवाटे गेलेल्या अंड्यांमुळे होतात.

चिकित्सेतील विवेक

कृमिचिकित्सेची तीन अंगे आपणांस परिचित आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन.

अपकर्षणात चरकांनी आस्थापन, वमन व विरेचन सांगितले आहे. पट्टकृमीच्या रुग्णास मात्र वमन देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वमनाच्या वेगाबरोबर अंडीयुक्त खंड आमाशयात येऊन रुग्णास स्वतःच्याच कृमीपासून पुटी होण्याचा संभव आधुनिक ग्रंथांत सांगितला आहे. येथे विरेचनच प्रशस्त होय.

प्रकृतिविघातासाठी विडंग, पलाशबीज, कंपिल्लक व डाळिंबाच्या मुळाची साल ही द्रव्ये परंपरेने वापरली जातात. कृमीचे शीर्ष आतड्यात राहिल्यास तो पुन्हा वाढतो. म्हणून खंड पडणे थांबले एवढ्यावर समाधान न मानता एक व तीन महिन्यांनी मलपरीक्षा करावी. कृमी टिकून असल्यास निक्लोसामाइडसारख्या औषधासाठी रुग्णास त्वरित पाठवावे. घरातील इतरांचीही मलपरीक्षा करून घ्यावी.

रुग्णास झटके, दीर्घकालीन शिरःशूल, दृष्टिविकार किंवा त्वचेखाली गाठी असल्यास कृमिघ्न औषध देण्यापूर्वी मेंदूचे सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. करून घ्यावे. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. केवळ अपस्मार समजून ब्राह्मी-वचा देत राहणे, किंवा अशा रुग्णास क्षयाची गाठ गृहीत धरून महिनोन्‌महिने औषधे देणे, दोन्ही अनिष्ट.

औषधविक्रेत्यांस विनंती

अल्बेंडाझोल व प्राझिक्वांटेल ही औषधे मेंदूतील पुटींवर कार्य करतात. पुटी मरताना भोवती शोथ होऊन झटके उद्भवू शकतात. म्हणूनच तेथे स्टेरॉइडच्या आवरणाखाली व तज्ज्ञांच्या देखरेखीत ती दिली जातात. जंताची गोळी मागणाऱ्यास ‘कधी फिट आली होती का?’ एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास गोळी न देता वैद्याकडे पाठवावे.

निदानपरिवर्जन

डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांस दोष देऊन हा रोग हटणार नाही. उलट ती माणसे आपल्यापासून दुरावतील. त्यांना इतके सांगावे : डुकरे बंदिस्त ठेवा, शौचालय वापरा, मांस आतपर्यंत लालसर न राहील असे शिजवा, जिभेखाली दाणे दिसल्यास पशुवैद्यकास दाखवा. ऑक्सफेंडाझोलची एक मात्रा (वजनाच्या प्रत्येक किलोस ३० मिलिग्रॅम) डुकरांच्या मांसातील पुटींवर गुणकारी आहे व टीसॉल-१८ ही लसही निघाली आहे.

सन २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने खेड्यांपुढे शौचालयांचा विषय ठेवला. बांधलेले शौचालय वापरात आहे का, हे घरोघर विचारणे वैद्यास सहज शक्य आहे. हा प्रश्न विचारणे हीसुद्धा कृमिचिकित्साच होय.