परसातील कोंबड्या : जातीची निवड आणि स्वभाव

मुंबईच्या उपनगरांत कोंबड्या कोण पाळतो, असा प्रश्न एखाद्यास पडणे शक्य आहे. परंतु आरे वसाहतीतील वारली पाडे, वेसावे, मढ, मनोरी व गोराई येथील कोळी वस्त्या आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी गावठाणे येथे दारात कोंबड्या चरताना आजही दिसतात. अंगण मात्र पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही. भिंतीला भिंत लागून शेजार आहे आणि लहान मुले त्याच जागेत खेळतात. अशा ठिकाणी कोंबडी किती अंडी देते याइतकाच तिचा स्वभाव कसा आहे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. निवड चुकली, तर दोन-चार महिन्यांतच पाखरे विकून टाकावी लागतात व घातलेला पैसा वाया जातो.

अंड्यांच्या हिशेबाने पाहू जाता पांढरी लेगहॉर्न सर्वांत पुढे. इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या नावावरून ओळखली जाणारी ही जात व्यापारी कुक्कुटपालनाचा कणा आहे. तथापि ती अतिशय बुजरी असते. जरा आवाज झाला की उडते, कुंपण ओलांडते. शिवाय तिचा पांढरा रंग घारीच्या नजरेत चटकन भरतो. पिंजऱ्यातील कोंबडी परसात आणून सोडणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

गावठी कोंबडी याच्या अगदी उलट. तिची अंडी वर्षाला साठाच्या आसपास, पण ती काटक असते, खुडूक होते आणि दहा-बारा अंडी एकवीस दिवस उबवून पिल्ले स्वतः वाढविते. पिल्ले बरोबर असताना मात्र ती अंगावर धावून येते, हे घरात लहान मूल असणाऱ्यांनी विसरू नये. असील ही झुंजीसाठी जोपासलेली जात असल्याने तिचे नर एकत्र नांदत नाहीत. छोट्या परसात तिचा विचार न केलेला बरा.

या दोहोंच्या मध्ये ऱ्होड आयलंड रेड व ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या दोन जाती येतात. पहिली तांबूस तपकिरी, मूळची अमेरिकेची. दुसरी काळी, हिरवट झाक असलेली, ऑस्ट्रेलियात तयार झालेली. ऑस्ट्रेलॉर्पच्या सहा कोंबड्यांनी १९२२-२३ च्या स्पर्धेत ३६५ दिवसांत सरासरी ३०९ हून अधिक अंडी दिली होती. परसात तेवढ्या अंड्यांची अपेक्षा कोणी धरू नये. परंतु दोन्ही जाती अंगाने भारी, चालीने संथ आणि माणसाला लवकर सरावणाऱ्या आहेत. ऑस्ट्रेलॉर्प तर विशेष शांत. भारी अंगामुळे त्या फारशा उडत नाहीत व बेताच्या उंचीचे कुंपणही पुरते. ऱ्होड आयलंडचा नर कधीकधी तापट निघतो, एवढे लक्षात ठेवावे. हैदराबाद येथे विकसित झालेली वनराजा आणि बंगलोरची गिरिराजा याही परसासाठीच तयार केलेल्या व सोशीक आहेत. त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून त्यांची पिल्ले उबवणी केंद्रातून आणावी लागतात. आरे वसाहतीत केंद्र शासनाची पश्चिम विभागाची कुक्कुट विकास संस्था आहे, तर राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यासारख्या ठिकाणी आहेत.

हौसेखातर ब्रह्मा किंवा कोचीन मागविणारेही आढळतात. स्वभावाने त्या खरोखर गरीब असतात. पण त्यांच्या पायांवर दाट पिसे असतात आणि उपनगरांत जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चिखलाने माखलेले ते पाय सुकत नाहीत व दुखणी सुरू होतात. येथील दमट उकाडाही त्यांच्या जाड पिसाऱ्याला मानवत नाही.

जात चांगली असली तरी हाताळणीवाचून पाखरू माणसाळत नाही. पिल्ले लहान असतानाच रोज ठराविक वेळी हातावर दाणे द्यावेत. त्यांच्या मागे धावू नये. कोळीवाड्यात जवळा व सुकटीची चूर सहज मिळते आणि ती उत्तम खाद्य आहे. अति झाल्यास मात्र अंड्याला माशाचा वास येतो.

शांत कोंबडीचा एक तोटा सांगितला पाहिजे. ती शत्रूलाही फारशी भीत नाही. राष्ट्रीय उद्यानालगतच्या बोरिवली, मुलुंड व आरे भागांत बिबट्या, मुंगूस, उदमांजर यांचा वावर असतो. सूर्यास्तापूर्वी पाखरे आत घ्यावीत. खुराड्याला बारीक छिद्रांची मजबूत जाळी व भक्कम कडी हवी. नुसते डालगे पुरत नाही. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. असे दिवस विरळा असले, तरी सखल भागात पाणी दर पावसाळ्यात भरते.

अंड्यांसाठी नर आवश्यक नाही. दाट वस्तीत पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी कुरबुर होते, तेव्हा केवळ माद्या ठेवणे इष्ट. नवी पाखरे आणल्यावर दोन आठवडे वेगळी ठेवावीत. २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, त्या वेळी लगतच्या गावांतील परसातली पाखरेही नष्ट करावी लागली. कोठेही एकाएकी पाखरे मरू लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

मानमोडी रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. पुढील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचतात. लसीची कुपी शंभर वा अधिक मात्रांची असते व एकदा मिसळली की थोड्याच वेळात वापरावी लागते. आठ कोंबड्या पाळणारा एवढ्यासाठी कुपी घेत नाही आणि लस राहून जाते. एका पाड्यातील किंवा आळीतील कुटुंबांनी पिल्ले एकाच वेळी आणून लसीकरणाचा दिवसही एकच ठरविला, तर ही अडचण राहत नाही. शाळेतील शिक्षक किंवा महिला मंडळाची कार्यकर्ती हे काम सहज करू शकते.