फॉस्फीन, सूत्रकृमीचे आयुर्मान आणि गोदामासाठी धडा

साठवणीतील धान्याच्या संरक्षणासाठी फॉस्फीन वायूची धुरी देशभर वापरली जाते. हा वायू किडीच्या पेशींतील श्वसनक्रियेवर आघात करतो. मात्र अपुऱ्या धुरीतून बचावलेल्या किडींची संतती पुढे त्याला दाद देत नाही. या प्रतिकारशक्तीचा उलगडा होण्यास एका सूक्ष्म सूत्रकृमीची मोठी मदत झाली.

‘केनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ हा सुमारे १ मि.मी. लांबीचा, पिकांना निरुपद्रवी सूत्रकृमी आहे. २० अंश सेल्सिअस तापमानात तो केवळ २ ते ३ आठवडे जगतो. म्हणून आयुर्मानाच्या अभ्यासासाठी तो सोयीचा ठरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथील संशोधकांनी २००३ मध्ये त्याच्या फॉस्फीन-प्रतिकारक वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वायूला तोंड देणारे हे कृमी मूळ वाणापेक्षा अधिक काळ जगले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी : वायूने त्यांचे आयुष्य वाढविले नाही. ज्या आनुवंशिक बदलामुळे ते वायूत तगले, त्याच बदलाचा संबंध त्यांच्या दीर्घायुष्याशीही दिसून आला.

पुढे २०१२ मध्ये या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुक ओळखले गेले. पेशीतील ऊर्जानिर्मितीस आवश्यक असलेले ‘डायहायड्रोलिपोअमाइड डिहायड्रोजिनेज’ हे विकर त्यापासून तयार होते. सूत्रकृमी, पिठातील तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा भुंगेरा या तिन्हींत हेच जनुक कारणीभूत आढळले. भारतातील या दोन्ही भुंगेऱ्यांच्या प्रतिकारक समूहांतही त्यात बदल नोंदविले गेले आहेत.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. गळके आच्छादन किंवा घाईने उघडलेली थप्पी दुर्बल किडी मारते आणि सबळ किडी पैदाशीसाठी मागे ठेवते. म्हणून थप्पी पूर्ण हवाबंद करावी, कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात आणि शिफारशीतील कालावधी, साधारणतः ७ दिवस, पूर्ण होऊ द्यावा. थंडीत किडीची श्वसनक्रिया मंदावते; त्यामुळे कालावधी वाढवावा लागतो. अधिक गोळ्या टाकून वेळेची कसर भरून निघत नाही. धुरीनंतरही जिवंत किडी आढळल्यास तीच प्रक्रिया पुन्हा न करता नमुने तपासणीसाठी कृषी विद्यापीठाकडे द्यावेत.

फॉस्फीन मनुष्यासही प्राणघातक असून त्यावर उतारा नाही. ही धुरी राहत्या घरात कदापि देऊ नये. ती प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तीकडूनच करून घ्यावी.