सेनापती जागेवर नसताना



नव्याने उभ्या राहणाऱ्या मुख्यालयाच्या चीफ ऑफ स्टाफ पदावर चिरंजीवांची नेमणूक झाल्याचे वृत्त समजून घरातील सर्व वडीलधाऱ्यांना समाधान वाटले. स्टाफ म्हणजे स्वतःच्या हाताखाली लढणारी तुकडी नसलेला, परंतु शत्रूची खबर, आदेशांचे लेखन, मनुष्यबळ, दारूगोळा आणि रसद यांची व्यवस्था सेनापतीच्या वतीने लावणारा अधिकारीवर्ग. आणि चीफ ऑफ स्टाफ म्हणजे त्या वर्गाचा प्रमुख, ज्याच्या शब्दाला वजन असते ते तो शब्द सेनापतीचा मानला जातो म्हणून. या पदाचा सारा अधिकार असा दुसऱ्याच्या नावावर चालणारा असल्यामुळे तो किती, कोठवर आणि कोणत्या प्रसंगी चालेल हे पहिल्या संकटाआधीच ठरवून घेणे, हे नव्या पदस्थाचे पहिले कर्तव्य होय. बाकीची पुष्कळ कामे हाताखालचे हुशार अधिकारी करतील, परंतु हे काम दुसरा कोणीही करू शकत नाही.

मराठी राज्यव्यवस्थेला ही गोष्ट अपरिचित नव्हती. प्रधान मोहिमेवर गेला असता त्याच्या दरबारी कामाचा भार वाहणारा मुतालिक नेमलेला असे, आणि मुतालिकीचा शिक्का त्याच्या हाती दिलेला असल्यामुळे त्याचे पत्र कोणाच्या अधिकारात निघाले याविषयी पत्र वाचणाऱ्याच्या मनात संदेह राहत नसे. आधुनिक सैन्यात असा शिक्का नाही; तेथे सेनापतीने सर्वांदेखत उच्चारलेला शब्द हाच शिक्का. १३ ऑगस्ट १९४२ रोजी इजिप्तमध्ये ब्रिटिशांच्या आठव्या सेनेची सूत्रे हाती घेताच माँटगोमेरीने फ्रेडी द गिंगाँ या अधिकाऱ्यास आपला चीफ ऑफ स्टाफ नेमले आणि त्याने दिलेला आदेश हा आपलाच आदेश समजून तत्काळ पाळावा, असे जमलेल्या अधिकाऱ्यांना त्याच संध्याकाळी सांगून टाकले. ब्रिटिश पद्धतीत तोवर असे सर्वाधिकारी पद रूढ नव्हते, म्हणून ही घोषणा अधिकच आवश्यक होती. चिरंजीवांनीही आपल्या सेनापतींकडे अशा घोषणेची विनंती संकोच न करता करावी. ती स्वतःच्या मोठेपणासाठी नसून मध्यरात्री दूरध्वनी उचलणाऱ्या ब्रिगेडियरला शंकेत वेळ घालवावा लागू नये यासाठी असते.

सेनापती प्रत्यक्षात नाहीसा झाला असता दुय्यमाने काय करावे, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण १६ जून १८१५ च्या लीन्यीच्या लढाईत सापडते. नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा पराभव केला, बहात्तर वर्षांचा सेनापती ब्ल्यूशर घोडा कोसळून त्याखाली सापडला, आणि अंधार पडत असताना तो जिवंत आहे की शत्रूच्या हाती लागला हेही त्याच्या मुख्यालयास ठाऊक नव्हते. चीफ ऑफ स्टाफ ग्नायझेनाउ याने माघारीचा आदेश दिला. पण आपल्या रसदीच्या वाटेने पूर्वेकडे हटणे सैन्याला अधिक निर्धोक असताही त्याने सैन्य उत्तरेकडे वळवले आणि ते वाव्र गावी एकत्र आले. त्यामुळे वेलिंग्टनच्या, म्हणजे बारा वर्षांपूर्वी असईच्या रणात मराठ्यांशी लढलेल्या त्याच सेनानीच्या, मदतीस जाण्याचा मार्ग खुला राहिला. ग्नायझेनाउचा वेलिंग्टनवर फारसा विश्वास नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाची खरी किंमत कळते. मदतीस जायचे की नाही हा प्रश्न त्याने स्वतः निकालात काढला नाही. जखमी ब्ल्यूशर परत आल्यावर तो निर्णय त्यानेच घेतला, आणि १८ जूनला प्रशियन फौजा वॉटर्लूच्या रणभूमीवर पोहोचल्या. सेनापतीच्या गैरहजेरीत निर्णय घेताना तो परतल्यावर त्याच्यापुढे अधिकाधिक वाटा शिल्लक राहतील असा निर्णय घ्यावा, ही दुय्यमाच्या विवेकाची याहून चांगली कसोटी सैनिकी इतिहासात सहसा आढळत नाही.

याउलट घडलेला प्रसंग आपल्याच सैन्याचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चौथी कोअर ही ४ ऑक्टोबर १९६२ रोजी, चिनी आक्रमणास जेमतेम सोळा दिवस उरले असताना, नेफाच्या, म्हणजे ईशान्य सीमेवरील प्रदेशाच्या, संरक्षणासाठी उभारली गेली. कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांवरचे मुख्यालय, आणि असे मुख्यालय एरवी महिनोन्महिने सराव करून घडते. येथे मूठभर अधिकारी घेऊन लेफ्टनंट जनरल कौल तेजपूरला आले आणि लगेच नामका चूच्या आघाडीवर गेले, म्हणून मुख्यालय घडवण्याचा काळ मिळालाच नाही. पुढे १७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, कौल वालाँगच्या बाजूस गेलेले असताना, चौथ्या डिव्हिजनच्या सेनापतीने से ला खिंडीतून माघार घेण्याची परवानगी तेजपूरकडे मागितली. त्या वेळी मुख्यालयात लष्करप्रमुख आणि पूर्व विभागाचे सेनापती हे दोघेही हजर होते. तरीही कौल परत येईपर्यंत निर्णय थांबला, आणि नंतर निघालेले आदेशही खंबीर व निःसंदिग्ध नव्हते. त्याच रात्री से ला सोडण्यात आले. त्या पराभवाची कारणे राजकीय आणि सैनिकी अशी दोन्ही होती व ती कितीतरी खोल होती, त्यामुळे सारा दोष एका संध्याकाळवर टाकणे न्याय्य नाही. पण सेनापती बाहेर असताना कोणी, कशाच्या आधारे, कोठवर बोलायचे हे ठरलेले नसेल तर वरिष्ठांची उपस्थितीही उपयोगी पडत नाही, हे त्या संध्याकाळी दिसून आले, आणि त्याची किंमत खिंडीतल्या जवानांनी दिली.

म्हणून रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात चिरंजीवांनी सेनापतींशी एकांतात बसून काही प्रश्नांची उत्तरे मिळवावीत आणि ती एका पानावर लिहून त्यावर त्यांची सही घ्यावी: सेनापती हेलिकॉप्टरमध्ये किंवा संपर्काबाहेर असता राखीव तुकडी हलवण्याचा अधिकार कोणाचा; माघारीची परवानगी मागणाऱ्यास किती वेळात उत्तर मिळालेच पाहिजे; कोणत्या गोष्टी त्यांना झोपेतून उठवूनही कळवायच्या आणि कोणत्या सकाळपर्यंत थांबू शकतात. तोंडी मुभेवर विसंबू नये. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन सर्वोच्च मुख्यालयाने लेफ्टनंट कर्नल हेंच यास लेखी आदेशाविना मोटारीने मार्नच्या आघाडीवर पाठवले, त्याच्या शब्दावर माघार ठरली, आणि त्याला नेमका किती अधिकार दिला होता यावर नंतर वर्षानुवर्षे वाद चालला.

नव्या स्टाफची घडण हा यापुढचा विषय. हिंदुस्थानी सैन्याचे स्टाफ कॉलेज १९०५ साली नाशिकजवळच्या देवळालीस सुरू झाले, १९०७ मध्ये क्वेट्ट्यास गेले, आणि फाळणीनंतर भारताची संस्था नीलगिरीतील वेलिंग्टन येथे उभी राहिली; तेथून आलेले अधिकारी आदेश लिहिण्याची एकच रीत जाणतात, परंतु त्यामुळे ते परस्परांना जाणत नाहीत. तोफखान्याचा मेजर आणि सिग्नल्सचा मेजर यांनी एकमेकांचा स्वभाव रात्रीच्या सरावातच ओळखावा लागतो. अशा सरावांपैकी काही सेनापतींना मुद्दाम बाहेर ठेवून घ्यावेत, म्हणजे वर सांगितलेले पान कागदावरच राहणार नाही. हाती असलेल्या वेळेचा तिसरा हिस्साच मुख्यालयाने वापरावा आणि उरलेला खालच्या तुकड्यांना तयारीसाठी द्यावा, हा जुना दंडक नव्या मुख्यालयात सर्वांत आधी मोडतो, कारण तेथे प्रत्येकाला आपला मसुदा निर्दोष करायचा असतो. तो दंडक चीफ ऑफ स्टाफने घड्याळ हाती घेऊन पाळवावा. आदेश गेला एवढ्यावर समाधान मानू नये, तो पोहोचला आणि समजला याची खात्री करावी. १७९६ पासून १८१४ पर्यंत नेपोलियनचे स्टाफकाम सांभाळणारा बेर्तिए १८१५ च्या मोहिमेत नव्हता. त्याच्या जागी आलेला सुल्ट रणांगणावरचा नामांकित मार्शल होता, पण या कामाची सवय त्याला नव्हती. लीन्यीच्या दिवशीच नेपोलियनचा सेनानी देर्लों याची सुमारे २०,००० सैनिकांची कोअर परस्परविरोधी आदेशांमुळे एकाच वेळी चाललेल्या दोन लढायांच्या मधल्या रस्त्यावर येरझारा घालत राहिली आणि दोन्हींपैकी एकीतही लढली नाही.

लढणाऱ्या तुकड्यांच्या प्रमुखांना नकार देण्याचा अधिकार स्टाफला नाही, तो केवळ सेनापतींचा आहे, ही गोष्ट हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्टपणे सांगावी. मागणी पुरवता येत नसेल तर ती अडचणीसह वर न्यावी. फोनवरूनच ती परस्पर फेटाळणारा कॅप्टन मुख्यालयाविषयी जो आकस निर्माण करतो, तो पुढे कितीही भेटीगाठी घेतल्या तरी सहजी निवळत नाही.

सेनापतींना न आवडणारे सत्य बंद दाराआड सांगणे आणि दार उघडल्यावर त्यांचा निर्णय आपलाच मानून राबवणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाला करावी लागतात. डिसेंबर १९४४ च्या अखेरीस माँटगोमेरी आणि आयझेनहॉवर यांच्यातील मतभेद माँटगोमेरीच्या पदच्युतीपर्यंत पोहोचले असता द गिंगाँ खराब हवामानात विमानाने आयझेनहॉवरकडे गेला, थोडी मुदत मागून घेतली, परत येऊन आपल्या सेनापतीस परिस्थितीचे गांभीर्य पटवले आणि त्याच्या सहीचे नमते पत्र पाठवले. हे त्याला साधले, कारण त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने माँटगोमेरीचा विश्वास कोठेही खर्ची घातला नव्हता.

स्वतः चिरंजीव आजारी पडले किंवा बाहेर गेले तर त्यांच्या खुर्चीवर कोण बसेल, हेही त्याच पानावर तळाशी लिहावे आणि त्या अधिकाऱ्यास महिन्यातून एक दिवस ती खुर्ची प्रत्यक्ष चालवू द्यावी. प्रकृतीस जपावे, झोप मोडू देऊ नये.