अंड्याची गुंडाळी आणि दोनशे नकार: तुमच्या धंद्यात ‘नाही’ कोण म्हणतं?



या आठवड्याच्या व्हिडिओत जपानी आमलेटची गोष्ट घाईघाईत सांगितली. आज ती जरा निवांत समजून घेऊ. आणि हो, हा धडा फक्त खाद्यपदार्थवाल्यांसाठी नाही. तुम्ही ब्लाउज शिवत असाल, मसाले विकत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी पदार्थ समजून घ्या

तामागोयाकी. तामागो म्हणजे अंडं, याकी म्हणजे भाजलेलं. साहित्य अगदी साधं: अंडी, साखर, मीठ किंवा सोया सॉस आणि बऱ्याचदा दाशी. दाशी म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचं पातळ सार. टोकियोच्या बाजूला हे आमलेट गोडसर असतं. ओसाका-क्योटोकडे दाशी जास्त, म्हणून ते मऊ आणि रसदार.

तवा चौकोनी किंवा आयताकृती. व्यावसायिक कारागीर तांब्याचा वापरतात, आतून कल्हई केलेला. तांबं सगळीकडे सारखं तापतं, म्हणून.

आता कृती बघा:

1. अंडी चॉपस्टिकने मोडायची, पण फेस येऊ द्यायचा नाही. मग गाळून घ्यायची.
2. तव्याला तेलाचा बोळा फिरवायचा. एक थेंब टाकून आवाज ऐकायचा. चुर्र झालं की तवा तयार.
3. पातळ थर ओतायचा. बुडबुडे आले की टोचून फोडायचे.
4. वरून थोडं ओलं असतानाच गुंडाळायचं आणि गुंडाळी एका कडेला सरकवायची.
5. पुन्हा तेल, पुन्हा थर. गुंडाळी जरा उचलून नवीन अंडं तिच्या खाली जाऊ द्यायचं आणि परत गुंडाळायचं. असं बरेच वेळा.

ऐकायला सोपं आहे ना? अडचण इथेच आहे. आच कमी पडली तर थर चिकटतो. जास्त झाली तर करपतो, भोकं पडतात. दाशी वाढवली तर चव वाढते, पण गुंडाळताना फाटतं. वर मसाला नाही, चटणी नाही. चूक झाकायला जागाच नाही! म्हणूनच सुशीच्या दुकानात कारागिराचा हात ओळखायचा तर आधी अंडं मागवा, असं म्हटलं जातं.

दोनशे वेळा ‘नाही’

टोकियोच्या गिंझा भागात तळघरात जिरो ओनो यांचं सुशीचं छोटं दुकान आहे. काउंटरवर जेमतेम दहा माणसं बसतात. 2007 मध्ये टोकियोची पहिली मिशेलिन गाईड आली, तेव्हा त्याला तीन स्टार मिळाले. 2011 मध्ये त्यांच्यावर माहितीपटही निघाला.

त्यात दाइसुके नाकाझावा हा शिकाऊ आपली गोष्ट सांगतो. या दुकानात अंडं करायला मिळेपर्यंत जवळपास दहा वर्षं जातात. जिरोंचं अंडं गुंडाळीचं नाही, बरं का. त्यात कोळंबी आणि किसलेला चिकट कंद घालून केकसारखा जाड, मऊ थर करतात. नाकाझावाने बराच सराव केला होता, त्याला वाटलं जमेल. पण प्रत्यक्षात दिवसाला चार-चार करूनही एकही पास होईना. तीन-चार महिन्यांत दोनशेहून जास्त नापास! शेवटी एक दिवस जिरो म्हणाले, हे बरोबर झालं. त्याला रडू आलं.

पुढे 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचं सुशी रेस्टॉरंट सुरू झालं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने त्याला चार स्टार दिले.

यातून नेमकं काय शिकायचं?

बहुतेक जण यातून एकच अर्थ काढतात: मेहनत करा, फळ मिळेल. मला हा अर्थ अर्धवट वाटतो.

समजा, नाकाझावाने ते दोनशे प्रयत्न घरी एकट्याने केले असते तर? एकच चूक दोनशे वेळा पक्की झाली असती. नुसत्या सरावाने हात बसतो, पण तो चुकीचाही बसतो. प्रत्येक प्रयत्न चाखणारा आणि ‘अजून नाही’ म्हणणारा माणूस समोर होता, म्हणून ते दोनशे प्रयत्न कामाला आले.

आता तुमच्याकडे बघा. तुमचा पदार्थ कोण चाखतं? आई, बायको, नवरा, मित्र. सगळे म्हणतात, “मस्त झालंय!” ते प्रेमापोटी बोलतात, पण त्या ‘मस्त’वर विसंबून आपण दुकानाचं डिपॉझिट भरतो, कर्ज काढतो. मग पहिला खरा नकार गिऱ्हाईक देतं. आणि गिऱ्हाईक तोंडाने नाही म्हणत नाही. ते फक्त परत येत नाही.

दुसरा मुद्दा. नाकाझावा चालत्या दुकानात शिकत होता. आपल्याला दहा वर्षं थांबणं परवडणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून सगळा मेनू नको, एकच वस्तू निवडा. आणि सरावाचा माल विक्रीच्या मालात मिसळू नका. फसलेला नग स्वस्तात विकला, तरी नाव तुमचंच खराब होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमची सगळ्यात साधी वस्तू निवडा, जिच्यात चूक लपत नाही.
2. ‘पास’ म्हणजे काय ते तीन ओळींत लिहा. मऊ, छान असं नको. जाडी किती, रंग कसा, किती तास टिकते, असं लिहा.
3. त्या वस्तूची जाण असलेला, नात्यातला नसलेला एक माणूस शोधा. त्याला सांगा, “कौतुक नको, चूक सांगा.”
4. वहीत प्रत्येक प्रयत्नाला नंबर द्या. काय बदललं आणि काय नापास झालं, तेवढंच लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

नंबर दोनशेपर्यंत जाईलच असं नाही. कदाचित विसाव्यालाच जमेल. पण वहीत पहिला ‘नाही’ लिहिल्याशिवाय दुकानाचा बोर्ड रंगवायला टाकू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!