जुनिपर कुंडीत, निर्गुडी बांधावर

मृग नक्षत्र लागले की बांधावर, घराभोवती, गोठ्याच्या कडेला काय लावावे याची चौकशी सुरू होते. शहरालगतच्या मोठ्या रोपवाटिकांत जुनिपरची रोपेही मिळतात. ‘हेच ते औषधी हाऊबेर’ असे कोणी सांगितले, तर पैसे काढण्याआधी थोडे थांबा.

हाऊबेर, म्हणजे आयुर्वेदातील हपुषा, हे जुनिपरस कम्युनिस या झुडपाचे फळ. काष्ठौषधीच्या दुकानात ते काळपट, वाळलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळते. पोटफुगी आणि अपचनावरच्या औषधांत वैद्य ते वापरतात. युरोपात जिन या दारूला वास येतो तोही याच फळाचा. खरे तर हे फळ नव्हेच. जुनिपर सरू आणि मोरपंखीच्या कुळातला आहे आणि ही गोळी म्हणजे त्याचा मांसल झालेला शंकू. हिरवा शंकू निळा-काळा व्हायला दीड ते तीन वर्षे लागतात, त्यामुळे एकाच झुडपावर हिरवी आणि पिकलेली फळे एकत्र दिसतात. नर आणि मादी झुडपे बहुधा वेगळी असतात, म्हणजे नुसते नर लावून बसलात तर फळाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

हे झुडूप हिमालयात साधारण 3000 मीटर आणि त्याहून उंचीवर वाढते. आपल्याकडे अकोले तालुक्यातले कळसूबाई राज्यात सर्वांत उंच, तेही 1646 मीटर. लडाखमध्ये जुनिपरला शुक्पा म्हणतात. तिथल्या मठांत आणि घरांत त्याच्या पाल्याचा धूप रोज घालतात, आणि हेमिस शुक्पाचन या गावाने तर नावच या झाडावरून घेतले आहे. युरोपात प्लेगच्या साथीत घरोघर जुनिपर जाळत. दाराशी तो लावला की चेटकीण आत येत नाही, अशीही तिकडची समजूत होती. आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची बांधतात, तसेच हे.

अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला, तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस वर्षाला ढोबळ 500 ते 600 मिलिमीटर, मे महिन्यात पारा 40 अंशांवर, आणि गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात पाणी धरून ठेवणारी काळी जमीन. हाऊबेराच्या बियांची सुप्तावस्था मोडायला काही महिने ओलसर थंडी लागते. ऑनलाइन मागवलेली बियांची पाकिटे नेवाशात किंवा शेवगावात उगवत नाहीत, याचे हे एक कारण. तेव्हा ‘एकरी लाखोंचे उत्पन्न, माल आम्हीच घेऊ’ असे सांगत कोणी हाऊबेराचा करार पुढे केला, तर सही करू नका. सफेद मुसळी आणि जट्रोफाच्या लाटा आपण पाहिल्या आहेत.

रोपवाटिकेत मिळतो तो बहुधा चिनी जुनिपर किंवा त्याची शोभेची जात. ओळख सोपी आहे. मोरपंखीची पाती पंख्यासारखी चपटी, सपाट असतात. चिनी जुनिपरवर बोचरी, सुईसारखी पाने आणि अंगाला चिकटलेली खवल्यांसारखी पाने, अशा दोन्ही तऱ्हा एकाच रोपावर सापडतात. याला गोळ्या धरल्या तरी त्या औषध म्हणून तोंडात घालू नयेत. जुनिपरच्या काही जाती विषारी आहेत. खुद्द हाऊबेरही गरोदर बाईने आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने घेऊ नये.

हौस असेल तर कुंडीत जरूर लावा. काळी माती टाळा. मुरूम, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून निचरा होईल असे मिश्रण करा, कारण पावसाळ्यात पाणी साचले की मुळे कुजतात. मार्च ते मे दुपारच्या उन्हात शेडनेट हवेच. कोरड्या हवेत लाल कोळी येतो: फांदी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक ठिपके चालू लागले तर पाण्याचा जोरदार फवारा पाल्याच्या आतल्या बाजूपर्यंत मारा. छाटणी हिरव्या शेंड्यांचीच करावी. तपकिरी, बिनपानाच्या लाकडापर्यंत कात्री नेली, तर तिथे पुन्हा फूट येत नाही आणि झुडपाला कायमचे भोक पडते. कमी थंडीच्या सफरचंदाचा प्रयोग करत असाल, तर जुनिपर जवळ ठेवू नका. सफरचंद आणि नाशपातीवरच्या एका गटातील तांबेरा बुरशा आपले निम्मे आयुष्य जुनिपरवर काढतात.

धूर, वास, औषध आणि कुंपण ही चारही कामे करणारे झुडूप आपल्या ओढ्याकाठी उभे आहे, ते म्हणजे निर्गुडी. शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत, निळसर-जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या येतात आणि पाण्याचा ताण ती सोसते. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात तिचा पाला उकळायचा, सुजलेल्या गुडघ्यावर गरम करून बांधायचा, पावसाळ्यात गोठ्यात चिलटे वाढली की धुरी द्यायची, हे आजीला विचारा, ती सांगेल. दशपर्णी अर्कात ती असतेच. सावलीत वाळवलेला पाला धान्याच्या कोठीत थरांमध्ये घालतात, पण धान्य आधी नीट वाळलेले हवे. ओल्या गव्हाला कुठलाच पाला वाचवत नाही.

लागवडीला आत्ताच वेळ आहे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे वीतभर लांबीचे तुकडे करा, खालचा काप तिरका द्या आणि निम्मी काडी जमिनीत जाईल अशी दीड ते दोन फुटांवर लावा. उलटी काडी लागत नाही, म्हणून डोळ्यांची दिशा पाहा. पावसाने ओढ दिली तर सुरुवातीचे काही आठवडे हाताने पाणी घाला. पहिल्या वर्षी शेंडे खुडत राहिलात तर कुंपण बुडापासून दाट होते.

रोपाच्या ओळखीबद्दल शंका असेल, तर फांदी घेऊन बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दाखवा. निर्गुडीच्या काड्या मात्र विकत घेऊ नका. गावच्या ओढ्यावरून आणा, आणि आणताना एका झुडपाच्या दोन-तीनच फांद्या तोडा.