आधी लाल होऊ दे

चि. सोनूस,


तुझा लांबलचक निरोप वाचला. टीममधल्या सर्वांत अनुभवी माणसाने केलेला बदल तुझ्याकडे रिव्ह्यूला आला आहे, तोही डेटाबेसच्या टेस्टचे निकाल पडताळणाऱ्या टूलमधला, आणि तू विचारतेस, "सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत मावशी, मग मी नेमकं बघू तरी काय?" या एका प्रश्नासाठी पत्र लिहायला बसले. बदल दुसऱ्या कुठल्या फाइलीतला असता तर टेस्ट हिरव्या असण्याला अर्थ होता. इथे तो जवळजवळ नाही.

तुमच्याकडे क्वेरी चालते, तिचा निकाल एका फाइलीत पडतो आणि हे टूल तो अपेक्षित निकालाच्या फाइलीशी ताडून बघतं. पास की फेल हे टेस्ट ठरवत नाही, टूल ठरवतं. बाजारात काटाच हलका केलेला असेल तर त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप पुरेपूर भरणार. तू पाहिलेले हिरवे निकाल या बदललेल्या टूलनेच दिले आहेत, तेव्हा त्यांची साक्ष त्याच्याच बाजूने कशी धरायची?

असं टूल दोन तऱ्हांनी चुकतं. बरोबर निकालाला चूक म्हणालं तर लगेच आरडाओरडा होतो आणि तासाभरात कोणीतरी ते दुरुस्त करतं. चुकीच्या निकालाला बरोबर म्हणालं तर कोणालाच काही कळत नाही. टेस्ट हिरवी असते, तिच्याकडे कोणी पुन्हा वळून बघत नाही, आणि चूक गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत तशीच राहते. म्हणून कोड उघडण्याआधी कागदावर एकच प्रश्न लिही: काल फेल होणारं काय काय आज पास होईल? प्रत्येक ओळ वाचताना हा प्रश्न समोर ठेव.

बदल करणाऱ्यांची अडचण खरी आहे, हेही मनात असू दे. अपूर्णांकांची बेरीज वेगळ्या क्रमाने झाली की शेवटचे अंक बदलतात. चार थ्रेडवर चालणाऱ्या क्वेरीत तो क्रम दर वेळी वेगळा असू शकतो. विनाकारण फेल होणाऱ्या टेस्टकडे लोक दुर्लक्ष करायला लागतात आणि मग खरी फेल झालेलीही त्यांतच खपून जाते. तेव्हा तुलना थोडी सैल करावीशी वाटणं रास्त आहे. ती कुठे आणि किती सैल झाली, हे बघणं तुझं काम.

तू पाठवलेल्या ओळींत मला सर्वांत आधी खटकली ती अपूर्णांकांची तुलना. दोन संख्यांची वजाबाकी, तिचं निरपेक्ष मूल्य, ते मर्यादेपेक्षा मोठं असेल तर फेल, नाहीतर पास. वाचायला अगदी सरळ. पण अपेक्षित उत्तर ३.१४ आहे आणि डेटाबेसने नॅन, म्हणजे "ही संख्याच नाही" अशी खूण, दिलं, असं धर. वजाबाकी नॅन येईल. १९८५च्या आयईईई ७५४ मानकानुसार नॅन कुठल्याही संख्येहून मोठं नाही, लहान नाही आणि कशाच्याही बरोबरीचं नाही, स्वतःच्याही नाही. मग "नॅन मर्यादेपेक्षा मोठं आहे का?" याचं उत्तर "नाही" येतं आणि टेस्ट पास होते. डेटाबेसने प्रत्येक रकान्यात नॅन भरून दिलं तरी हे टूल हिरवंच राहील. अट उलटी लिहिली, म्हणजे फरक मर्यादेच्या आत असेल तरच पास आणि एरवी फेल, की हे भोक बुजतं. मात्र मग दोन्हीकडे नॅन असणं जिथे खरोखर अपेक्षित आहे तिथे ते वेगळं तपासावं लागतं.

अट उलटी केली म्हणजे भागलं असंही नाही. मर्यादा जर अपेक्षित संख्येच्या प्रमाणात काढली असेल, तर अपेक्षित उत्तर अनंत असताना मर्यादाही अनंतच होते. आलेलं उत्तर ५ असलं तरी फरक अनंत, मर्यादा अनंत, आणि अनंत हे अनंताच्या आत बसतं. पुन्हा पास! पायथनच्या गणिताच्या मॉड्यूलमधलं इजक्लोज हे फंक्शन अनंताला वेगळं हाताळतं ते यासाठीच. ते ३.५ या आवृत्तीत, २०१५ साली आलं. त्यात मर्यादा दोन्हींपैकी निरपेक्ष मूल्याने मोठ्या असलेल्या संख्येवरून ठरते आणि निरपेक्ष मर्यादा मुळात शून्य असते. नमपायचं ऑलक्लोज मर्यादा फक्त दुसऱ्या संख्येवरून काढतं, त्यामुळे दोन संख्यांची अदलाबदल केली तर क्वचित निकालही बदलतो. शिवाय त्याची निरपेक्ष मर्यादा आपण काही न सांगता १०⁻⁸ असते, म्हणजे इतक्या लहान संख्या त्याला शून्यासारख्याच. तुमच्या टूलमध्ये कोणती संख्या आधार धरली आहे, ते विचार. अपेक्षित संख्या आधार असावी, असं माझं स्पष्ट मत आहे; आलेल्या उत्तराने स्वतःची मर्यादा स्वतः ठरवता कामा नये.

आणि ही सूट कोणाला लागू होते? टूल मजकूर वाचतं, त्याला रकान्याचा प्रकार माहीत नाही. "संख्येसारखं दिसेल ते संख्या" असा नियम केला असेल तर खाते क्रमांक, मोबाइल नंबर आणि पैशांच्या रकमाही त्या सैल तुलनेत येतील. ९००७१९९२५४७४०९९२ आणि ९००७१९९२५४७४०९९३ हे दोन वेगळे क्रमांक डबल प्रकारात वाचले की एकच होतात, तिथे मर्यादा शून्य ठेवूनही उपयोग नाही. पैसा आणि क्रमांक यांच्या तुलनेत सूट असूच नये. यावर अडून बसावं लागलं तरी बस.

ओळींच्या क्रमाचं तसं सोपं आहे. ऑर्डर बाय नसेल तर एसक्यूएल क्रमाची हमी देत नाही, म्हणून दोन्ही निकाल सॉर्ट करून ताडणं चालतं. एसक्यूलाइटवाल्यांच्या एसक्यूएललॉजिकटेस्टमध्ये यासाठी तीन पर्याय आहेत: सॉर्ट न करणं, ओळी सॉर्ट करणं, किंवा सगळी मूल्यं सुटी करून सॉर्ट करणं. तिसऱ्यात कुठलं मूल्य कुठल्या ओळीतलं होतं हे हरवतं. तुमच्या बदलात ओळी सॉर्ट होतात की मूल्यं, ते पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्वेरीतच ऑर्डर बाय असेल तेव्हाही टूल सॉर्ट करत असेल, तर ऑर्डर बाय तपासणारी प्रत्येक टेस्ट निकामी झाली. डेटाबेसचं सॉर्टिंग उद्या बंद पडलं तरी कोणाला कळणार नाही.

मोकळ्या जागांचंही पाहा. डिफ या आज्ञेला सगळ्या मोकळ्या जागा सोडून द्यायला सांगितलं की "१२ ५" आणि "१ २५" या दोन ओळी तिच्या लेखी एकच. डेटाबेसच्या निकालात ते दोन वेगळे रकाने आहेत! जागा किती आहे त्याकडे दुर्लक्ष करणं आणि जागा आहे की नाही त्याकडेच दुर्लक्ष करणं, यांत फार अंतर आहे. डिफमध्ये दोन्हींसाठी वेगळे पर्याय आहेत.

"न दिसणारी अक्षरं काढून टाका" असं एक छोटं फंक्शनही त्यांनी घातलंय, त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. ते मला मराठी माणूस म्हणूनही टोचलं. आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र काही ठिकाणी ऱ या अक्षराने लिहितात, तर काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर अशा तीन खुणांनी. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या "दऱ्या"मधून तो न दिसणारा जोडक काढला की उरतो "दर्या". सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र झाला आणि टूल म्हणतं, काही फरक नाही. तुमच्या टेस्टमध्ये देवनागरी मजकूर आहे, तेव्हा या फंक्शनला हरकत घेच.

नल आणि रिकामी स्ट्रिंग यांचीही एक चाचणी करून बघ. पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल, वेगळं सांगितलं नाही तर, नलच्या जागी काहीच छापत नाही. त्यामुळे निकालाच्या फाइलीत दोन्ही सारखेच दिसतात. माहिती छापतानाच हरवली असेल तर तुलना कितीही कडक केली तरी ती परत येत नाही.

शेल स्क्रिप्टमधल्या ओळी मी धावत पाहिल्या. डिफ तीन प्रकारे उत्तर देते: फरक नसेल तर ०, असेल तर १, आणि फाइल सापडली नाही किंवा असंच काही बिनसलं तर २. स्क्रिप्ट फक्त १ आलं की फेल म्हणत असेल, तर फाइल गायब असताना टेस्ट पास होते. एवढं तपास, पुढे जा.

आता सर्वांत मोठी गोष्ट. याच बदलात शेकडो अपेक्षित फाइलीही नव्याने तयार करून टाकल्या आहेत. टूल आणि अपेक्षित उत्तरं एकाच वेळी बदलली तर कशावरून काय पडताळायचं? हा बदल दोन भागांत मागून घे. आधी नुसतं टूल, जुन्या फाइलींसह. नवं टूल जुन्या फाइली जशाच्या तशा पास करत असेल तर बोलायला काही आधार मिळतो. मग फाइली वेगळ्या, आणि त्यांतली प्रत्येक का बदलली याचं एका वाक्यात कारण. कंटाळवाणं काम आहे, मला माहीत आहे. पण एका झटक्यात नव्याने बनवलेल्या अपेक्षित फाइलींत कालची चूक आजचं अपेक्षित उत्तर होऊन बसते, आणि पुढे ती दुरुस्त करणाऱ्यालाच टेस्ट फेल दाखवते.

मग टूलला लाल करून दाखवायला सांग. फेल व्हायलाच हव्यात अशा जोड्यांचा एक संच त्याच बदलात असायला हवा: नॅन आणि ३.१४, अनंत आणि ५, "१२ ५" आणि "१ २५", एक ओळ कमी असलेला निकाल, पूर्ण रिकामा निकाल, नसलेली फाइल. ओळ कमी असलेली जोडी विसरू नकोस. पायथनचं झिप दोन याद्यांपैकी छोटी संपली की गुपचूप थांबतं. लांबी सारखी नसेल तर तक्रार करण्याची सोय ३.१० या आवृत्तीत आली, आणि तीही मागितली तरच. हा संच तू स्वतः लिहून त्यांच्या शाखेवर चालव. तुझ्या रिव्ह्यूला त्याने जे बळ येईल ते कितीही लांब शेरे लिहून येणार नाही.

ते वयाने, अनुभवाने मोठे आहेत म्हणून तुला संकोच वाटतो, हे समजतं. १९७६ साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कोड तपासणीच्या पद्धतीवर लेख लिहिला. गंमत अशी की डिफमागच्या पद्धतीवरचा हंट आणि मॅकिलरॉय यांचा बेल लॅब्जमधला अहवालही त्याच वर्षीचा. फेगन यांच्या बैठकीत चुका फक्त शोधायच्या, तिथेच त्या सोडवायच्या नाहीत, असा दंडक होता. तो मला फार शहाणपणाचा वाटतो. "हे असं लिहा" म्हणायची तुला गरज नाही. "अपेक्षित ३.१४ आणि आलेलं नॅन ही जोडी तुमच्या शाखेवर पास होते, हा तिचा निकाल" एवढंच लिही. त्यात माणसाबद्दल एक अक्षरही नाही, आणि त्यांना उत्तरही कोडमध्येच द्यावं लागेल. बारीकसारीक शेरे, नावं कशी ठेवली, ओळ किती लांब आहे, हे या फेरीत सोडून दे. नाहीतर नॅनचा मुद्दा त्यांच्या गर्दीत हरवेल.

ते म्हणतील, "आमच्या डेटामध्ये नॅन येतच नाही." येत नसेल तर फेल करण्याने कोणाचं काही बिघडत नाही, हे नम्रपणे सांग. तरीही पटलं नाही तर अप्रूव्हचं बटण दाबू नकोस. तुझी हरकत तिथेच लिहून ठेव आणि टीम लीडना निर्णय घेऊ दे. रिव्ह्यू दोन दिवस अडकला म्हणून कोणी नाराज झालं तर होऊ दे.

आधी नॅनची जोडी चालवून तिचा निकाल टाक, आणि त्याच शेऱ्यात बदल दोन भागांत करायची विनंती कर. ऱ बद्दलचं फंक्शन मला पूर्ण पाठव, ते मी नीट वाचून कळवते.

तुझी,
मावशी