गाडीत अनेक ॲम्प्लिफायर : दोष शोधण्याची रीत

धुळे-सूरत महामार्गावरील नवापूर हे सीमेवरचे गाव. येथील रेल्वे स्टेशनही निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. अशा गावात दोन्ही राज्यांची वाहने दुरुस्तीला येतात. गाडीत एक टेप आणि दोन स्पीकर असत तेव्हा ऑटो-इलेक्ट्रिशियनचे काम सोपे होते. आता पुढच्या स्पीकरला एक, मागच्यांना दुसरा व वूफरला तिसरा ॲम्प्लिफायर लावला जातो. आवाज बंद झाला की अंदाजाने ॲम्प्लिफायर बदलला जातो, आणि मूळ दोष तसाच राहिल्याने नवाही जळतो. गिऱ्हाइकाचा पैसा जातो व दुकानाची पत जाते. म्हणून दोष शोधण्याची पद्धतशीर रीत आपल्या कारागीर बंधूंनी आत्मसात करावी. त्यासाठी डिजिटल मल्टिमीटर, चालू असलेला छोटा स्पीकर, एक चांगली आरसीए वायर व दीड व्होल्टचा सेल एवढे पुरते.

प्रथम विभागणी करा

सर्व ॲम्प्लिफायर बंद आहेत की एकच? सर्व बंद असतील तर दोष सामाईक जागी असतो : बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज, मुख्य वायर, रिमोट वायर किंवा टेप. एकच बंद असेल तर त्याच शाखेत शोधावे. टेप बंद करून चालू व बंद ॲम्प्लिफायरच्या आरसीए वायरी आपसांत बदलाव्यात. दोष दुसरीकडे सरकला तर तो टेप किंवा आरसीए वायरीत आहे. जागीच राहिला तर ॲम्प्लिफायर, त्याचा करंट किंवा स्पीकर यांत आहे.

करंट व अर्थिंग

चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता साधारण 13.8 ते 14.4. मात्र केवळ बॅटरीवर मोजून थांबू नये. आवाज मोठा ठेवून प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मोजावे. नंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला व दुसरी ॲम्प्लिफायरच्या मायनसला लावावी. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग कच्चे आहे. रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर बोल्टने पक्के करावे. प्लसच्या बाजूला अशाच तपासणीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायर बारीक आहे किंवा फ्यूज होल्डर सैल आहे.

रिमोट वायरीकडे विशेष लक्ष द्यावे. टेपची ही बारीक वायर केवळ इशारा देण्यासाठी असते. तिच्यावर तीन ॲम्प्लिफायर व पंखे चालवले की व्होल्टेज पडते आणि एखादा ॲम्प्लिफायर मधूनच बंद होतो. उपाय स्वस्त आहे : एक साधा रिले. 86 वर टेपची रिमोट वायर, 85 वर अर्थ, 30 वर छोट्या फ्यूजमधून बॅटरी आणि 87 वरून सर्व ॲम्प्लिफायरचे रिमोट.

प्रोटेक्टचा दिवा लागला तर

त्या ॲम्प्लिफायरच्या सर्व स्पीकर वायरी काढाव्यात. बंद करून पुन्हा चालू केल्यावर दिवा लागला नाही तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. तरीही लागला तर आरसीए काढून पाहावे. तरीही जात नसेल व व्होल्टेज बरोबर असेल, तरच ॲम्प्लिफायर खोलावा.

काढलेल्या स्पीकर वायरी मीटरवर घ्याव्यात. 4 ओहमचा चांगला स्पीकर साधारण 3 ते 4 च्या दरम्यान दाखवतो. कोणतीही स्पीकर वायर बॉडीला लागलेली दिसता कामा नये. दरवाज्याच्या बिजागरीत वायर सोलली जाणे हा नेहमीचा दोष. 4 ओहमचे दोन वूफर पॅरलल जोडले की 2 ओहम होतात. अनेक ॲम्प्लिफायर ब्रिजमध्ये 4 ओहमखाली चालत नाहीत. ते तापतात व बंद पडतात. मागे छापलेली मर्यादा वाचूनच जोडणी करावी.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, याचे कारण बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले अर्थ. टेप बंद करून एकेका ॲम्प्लिफायरची आरसीए काढावी व चालू करून ऐकावे. जी काढल्यावर शिट्टी जाते ती वाट सापडली. सर्व ॲम्प्लिफायरचे अर्थ एकाच बिंदूवर आणावेत. आरसीए गाडीच्या एका बाजूने, करंटची वायर दुसऱ्या बाजूने न्यावी. तरी शिट्टी राहिली तर आरसीएचे बाहेरचे कडे वायरीने टेपच्या बॉडीला टेकवून पाहावे. शिट्टी थांबली तर टेपमधील आरसीएचा अर्थ तुटला आहे.

बास कमी, आवाज फाटका

दोन वूफर उलटसुलट जोडले की एकमेकांचा आवाज खातात. वायर ॲम्प्लिफायरकडून काढून सेल क्षणभर लावावा. प्लसला प्लस असता पडदा बाहेर येतो. सर्व वूफरचे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. गेनचे बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. ते टेपच्या आवाजाशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालण्यासाठी आहे. पूर्ण फिरवले की आवाज फाटतो आणि कॉइल जळते.

ट्रक व आग

अवजड ट्रकमध्ये 12 च्या दोन बॅटऱ्या मिळून 24 व्होल्ट असतात. काही जण एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेतात. त्यामुळे एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. पुरेशा ॲम्पिअरचा 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टरच लावावा.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा व प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या शाखेला वेगळा फ्यूज असावा. 300 खऱ्या वॉटचे दोन ॲम्प्लिफायर 60 टक्के कार्यक्षमतेचे धरले तर पूर्ण आवाजात 13.8 व्होल्टवर सुमारे 72 ॲम्पिअर ओढतात. फ्यूज वायरीच्या ताकदीनुसार निवडावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या गाडीत आग ठेवणे होय.

व्यवहार

खोक्यावर हजारो वॉट पीएमपीओ छापलेले असतात. खरे मोजमाप आरएमएस वॉटचे. सूरह अल-मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांनाच बजावते. पीएमपीओचा आकडा सांगून माल विकणे हेही कमी मापच. खरी शक्ती सांगावी. जुना ॲम्प्लिफायर चांगला निघाला तर तसे सांगून तपासणीची मजुरी घ्यावी. ती हक्काची कमाई आहे. दुरुस्तीआधीचे व नंतरचे व्होल्टेज बिलावर लिहावे. गाडी महिन्याने परत आली तर पहिला पुरावा तोच आणि पहिला धागाही तोच.